चंद्रावरच्या सारथ्याची जात

माझ्या वडिलांचे सामाजिक विचार काय होते, हे विचारायला हल्ली वर्षाकाठी एखादा तरी तरुण माझ्याकडे येतो. त्याच्या खांद्याला पिशवी असते, पिशवीत टेपरेकॉर्डर असतो आणि प्रबंधाचं नाव इतकं लांब असतं की ते सांगून होईपर्यंत चहा निवून जातो. आज ज्याला विज्ञानकथा म्हणतात, त्या प्रकाराला तेव्हा आमच्याकडे नाव नव्हतं. पुण्याचं जे मासिक बाबांची कादंबरी दर महिन्याला थोडी थोडी छापायचं, ते वर ‘अद्भुत व शास्त्रीय’ एवढंच लिहायचं. त्यातलं अद्भुत कोणतं आणि शास्त्रीय कोणतं, हे वाचकानं आपापलं पाहून घ्यायचं. आता बाबा ‘आद्य’ झाले आहेत. जातिभेदाचा अंत, स्त्रीमुक्ती, श्रमप्रतिष्ठा असे त्यांच्या विचारांचे वाफे पाडून तो तरुण एकेका वाफ्याबद्दल मला विचारतो. मी त्याला सांगते की श्रमाला प्रतिष्ठा देणाऱ्या या गृहस्थांनी आपलं जेवलेलं ताट जन्मात उचललं नाही. त्यांच्या कादंबरीतली ताटं जेवण झालं की आपणहून मोरीकडे चालत जायची. ताटं कोणी उचलायची, हा प्रश्न त्यांनी दोनशे वर्षं पुढे ढकलून सोडवला होता. तरुण हसतो आणि टेप बंद करतो. टेप बंद झाल्यावर मी जे सांगते, ते इथं लिहिते आहे.

आमचं घर अमरावतीच्या अगदी कडेला होतं. पुढच्या दारी शहर आणि मागच्या दारी मळा. आम्ही माळी. मेथी, पालक, वांगी, सांबार, म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर, आणि दसऱ्या-दिवाळीला झेंडू नि शेवंती, यावर घर चालायचं. बाबा मॅट्रिक झाले आणि मुलांच्या शाळेत मास्तर म्हणून लागले. तेव्हापासून मळ्याचा आणि त्यांचा संबंध भाजी खाण्यापुरता राहिला. मळा पाहायची मोठीमाय, म्हणजे माझी मोठी काकू. काका गेल्यावर तिनं पदर खोचला तो शेवटपर्यंत सोडला नाही. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागायचं, त्यावर मोठीमायचा आवाज चढायचा आणि त्या दोन्ही आवाजांवर चढून बाबा ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहायचे. शब्द तोंडात बसला पाहिजे, म्हणजे मग तो लिहिता येतो, असं त्यांचं मत होतं. माझी माय चुलीशी असायची. माय बाबांशी कधी थेट बोलत नसे. तशी आमच्याकडे रीतच नव्हती. तिला काही विचारायचं असलं की ती मला सांगायची, मी बाबांना सांगायची, आणि बाबा हातभर अंतरावर बसलेल्या बायकोला उत्तर माझ्याकडे तोंड करून द्यायचे.

दुपार उतरली की ओसरीवर मेथी-सांबाराचे ढीग पडायचे. दुसऱ्या दिवशीच्या भाजीबाजारासाठी त्याच्या जुड्या बांधायच्या, केळीच्या सोपटानं आवळायच्या आणि ओल्या बारदानाखाली झाकायच्या, हे घरातल्या बायकांचं काम. हीच बाबांची वाचनाची वेळ. शाळेतून येऊन, पगडी खुंटीला अडकवून, ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे आणि लिहिलेलं प्रकरण आम्हाला वाचून दाखवायचे. मातीचा आणि मेथीचा ओला वास, सोपट चर्रकन फाटल्याचा आवाज आणि त्यात बाबांचा धीरगंभीर स्वर. ‘त्या युगी मनुष्यजातीस जाति हा शब्द कोशात शोधावा लागे.’ मोठीमाय म्हणायची, “जाड बांधू नोको कौशे, चार काड्या कमी घाल.” बाबा थोडं थांबायचे आणि पुढं वाचायचे.

कादंबरी चंद्रावर घडत होती. पृथ्वीवरून विमानानं गेलेली काही माणसं तिथं नवी वस्ती करतात, आणि त्या वस्तीत ना जात, ना देऊळ, ना हुंडा, ना चूल. एकच मोठा मुदपाकखाना आणि त्यात यंत्र भाकरी थापतं. मायला चंद्राचं काही वाटलं नाही, विमानाचंही नाही, पण भाकरीचं यंत्र तिला पटेना. “इचार तुह्या बाबाले,” ती म्हणाली, “पीठ कोन मळते?” मी विचारलं. बाबा उठून आत गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या वाचनात पीठ मळणारं दुसरं यंत्र आलं. मग मायनं विचारलं की थे यंत्र धुते कोन. असं करता करता चंद्रावर इतकी यंत्रं झाली की माणसांना उभं राहायला जागा उरली नाही. बाबा प्रकरण पुण्याला पाठवायचे. संपादक त्यातली भाषा शुद्ध करायचे. त्यामुळे छापून आल्यावर आमच्या वऱ्हाडातून गेलेली ती माणसं चंद्रावर पाय ठेवताच सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी बोलायला लागायची.

या वस्तीतली मुख्य विदुषी, तारे मोजणारी, दुर्बिणी घडवणारी, एकटीच्या हिमतीवर पृथ्वी सोडून निघालेली, तिचं नाव कौसल्या होतं. माझंही नाव कौसल्या. घरी मला कौशी म्हणत, पूर्ण नाव फक्त कादंबरीतच ऐकू यायचं. बाबांना नावं सुचत नसत, घरात हाताशी होतं ते त्यांनी उचललं, इतकी साधी गोष्ट होती. पण मला त्याचं काय वाटायचं ते मलाच ठाऊक. मेथीच्या ढिगामागं बसून मी ऐकायची की कौसल्येनं गणित सोडवलं, कौसल्येनं विमानाची दिशा ठरवली, सभेत उभं राहून कौसल्येनं सांगितलं की ‘विद्येवाचून स्त्रीचे जिणे म्हणजे दिव्यावाचून खोली होय.’ आणि मी मराठी शाळा संपवून घरी बसले होते. गावात मुलींची इंग्रजी शाळा होती. तिथं जायचं म्हणून मी बाबांच्या मागं लागले होते. “अवश्य,” ते म्हणायचे. “पाहू आपन.” त्या ‘पाहू’मध्ये दोन उन्हाळे गेले. बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर वाटायचं की मुली शिकल्या पाहिजेत. तसं त्यांनी लिहूनही ठेवलं होतं. एकदा लिहून झालं की ते काम झालं, अशी त्यांची समजूत होती.

मग अकोल्याचं स्थळ आलं. सोनाजीबुवा म्हणून आमच्याच जातीतले, मोर्णेच्या काठी त्यांचा फुलांचा मळा आणि बाजारात फुलांचं दुकान. मुलगा मोठ्या कानांचा आणि बोलायला कमी. मला त्याच्याबद्दल राग नव्हता, आजही नाही. बाबा मात्र हरखून गेले. कारण सोनाजीबुवांनी हुंडा मागितला नाही आणि भटजीवाचून, आपल्याच माणसांच्या साक्षीनं लग्न लावायला होकार दिला. “असं लगन अमरावतीत झालं नसन,” बाबा म्हणाले. लग्नात काय काय नसेल याची त्यांनी आठवडाभर मोजदाद केली. लग्नात मी असणार आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला असता. मी म्हटलं, “आन माह्यी शाळा?” ते म्हणाले, “सुधारक घर हाय बेटा. थेच शिकवतीन तुले.” मायनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहून जुडी बांधली.

आमच्यात सोयरिकीचं बोलणं पक्कं व्हायच्या आधी एकमेकांकडे आपल्या मळ्यातलं बी पाठवायची पद्धत होती. वांग्याचं, मुळ्याचं, मेथीचं. समोरच्यानं ते पेरायचं. उगवलं की दोन्ही घरांची जमीन जुळली असं मानायचं. मोठीमायनं आमच्या काटेरी वांग्याचं बी निवडलं आणि पुड्या बांधायला कागद शोधला. घरात कागद म्हणजे एकच, बाबांच्या मासिकाचे अंक. संपादक मानधन देत नसत, त्याऐवजी अंक पाठवत, आणि त्या गठ्ठ्यांना वाळवी लागायला लागली होती. मोठीमायला अक्षर येत नव्हतं, पण वाळवी कळत होती. तिनं पानं फाडली, बी बांधलं आणि पुडे अकोल्याला रवाना केले.

सोनाजीबुवांनी पुडा सोडला, बी पेरलं आणि फुलवाल्याच्या सवयीनं कागद गुळगुळीत करून ठेवला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वाचला. त्या पानाला ना आगा ना पीछा. त्यावर एवढंच होतं की अमरावतीच्या एका मास्तरांची कन्या कौसल्या रात्रीच्या समयी विमानात बसली, सोबत सारथी म्हणून एक परका तरुण होता, तिनं लुगडं उतरवून रबराचा पोशाख चढवला, आणि ‘आता मागे वळून पाहणे नाही’ असं म्हणाली. छापलेलं होतं. आणि आमच्या लोकांच्या लेखी छापील म्हणजे दोनच गोष्टी, पोथी किंवा सरकारी हुकूम. ही पोथी नव्हती, तेव्हा खबर असणार. आठ दिवसांत बाबांना निरोप आला, की जातीची बैठक अकोल्यात भरते आहे, खुलासा करायला या. आणि मुलीला संगं आणा, म्हणजे ती इथंच आहे की गेली, ते पाहता येईल.

बाबा घाबरले नाहीत. उलट वाचक मिळाला म्हणून ते खूश झाले असावेत. आम्ही चौघं बडनेऱ्याहून गाडीत बसलो. माय खिडकीशी, मोठीमाय डब्याच्या दाराशी, तिला मोकळी हवा लागायची. बाबा वाटभर मनाशी भाषण जुळवत होते. मी मात्र मनातून आनंदात होते. लग्न मोडलं तर शाळा, असा माझा सरळ हिशेब होता. त्या विमानातल्या कौसल्येनं माझं काम केलं होतं. तिनं फक्त पंचांपुढं टिकून राहायला हवं होतं.

बैठक सोनाजीबुवांच्याच मळ्यात, चिंचेखाली. पुढं सतरंजीवर पुरुष, मागं आडोशाला बायका. बाजूला गोवऱ्यांचा विस्तव रचला होता आणि त्यात कणकेचे रोडगे भाजत होते. मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. जातीच्या बैठकीचा दंड म्हणजे जेवण, आणि ते द्यायचं ज्याला बोलावलं त्यानं. निकाल काय लागेल याबद्दल पंचांना कधी शंका नसे, म्हणून रोडगे निकालाच्या आधीच लावलेले असत. पंचांचे प्रमुख आप्पाजी, पांढऱ्या मिशांचे, दर्यापूरकडचे. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना बोलण्याआधी विचार करायची सवय होती, आणि त्यातच सगळा घोटाळा होता.

“मास्तर, हे पोरगी तुमचीच?”

“माह्यीच.”

“मंग कागदात काहून लिवलं, का थे परक्या मानसासंगं इमानात बसून गेली म्हून?”

“आप्पाजी, थे गोष्ट होय. कल्पना. अजून काई झालं नाई. दोनशे वर्षानं होईन.”

आप्पाजींनी मिशीवरून हात फिरवला. “म्हंजे होईन नक्की.”

बाबांना ‘नाही’ म्हणवेना. दोनशे वर्षांनी असं होणारच, हा त्यांचा सिद्धांत होता. मागून कोणीतरी शंका काढली की दोनशे वर्षांनी होणाऱ्या गोष्टीचा निवाडा करायला आपण कुठं असणार. “म्हूनच आज करून टाकाचा,” आप्पाजी म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सोनाजीबुवा उठले. त्यांचा सूर कळवळ्याचा होता. “मले पोरगी पसंत हाय. बियानंबी चांगलं उगवलं. पन कागदावरची पोरगी अजून कुवारी फिरून राह्यली. हिचं आन तिचं नाव एकच. लोकाइले मी काय सांगू? मास्तर, तुमी तिचं लगन लावून द्या. पुढच्या महिन्यात छापून येऊ द्या. मंग आपन इकडं बस्ता बांधू.”

बायकांमध्ये कुजबुज झाली. माझ्या शेजारची एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “सुटली वो माय पोरगी.” मी बाबांकडे पाहत होते. ज्या बाईनं पृथ्वी सोडताना मागं वळून पाहिलं नाही, ती लग्नाला उभी राहील का, हे बाबांना माहीत होतं. मला वाटलं आता ते भाषण करतील. ते म्हणाले, “कथानकास बाधा येत नाही,” आणि खिशातून पेन्सिल काढली.

एवढ्या सहज. मांडीवर कागद घेऊन ते तिथंच लिहायला बसले, आणि पंच त्यांना सांगायला लागले. रबराच्या पोशाखावरून पदर घेतला पाहिजे. घेईल, बाबा म्हणाले. मंगळसूत्र पाहिजे. बाबांनी शास्त्रीय अडचण काढली, की चंद्रावर वस्तूला वजन कमी, काळी पोत गळ्याभोवती तरंगत राहील. आप्पाजींनी विचार केला. “सोन्याचं घाला मंग. जड असते.” तेही लिहिलं गेलं. पहिला पाय विमानात कोणी ठेवायचा, नवऱ्याचं नाव घ्यायचं की नाही, यंत्र भाकरी थापत असलं तरी पहिली भाकर सुनेनं थापायची, एकेक करून सगळं ठरलं. बाबा मन लावून लिहीत होते. त्यांचं एकही प्रकरण इतक्या लोकांनी इतक्या आस्थेनं ऐकलं नव्हतं, आणि ते सुख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तासाभरात कौसल्येची दुर्बीण कोपऱ्यात गेली. माझी शाळाही तिच्यासोबत गेली, आणि ते त्या चिंचेखाली एकट्या मलाच कळत होतं. माय दोन हात अंतरावर होती. तिनं माझा हात धरला. तिलाही कळत असावं.

नवरदेव म्हणून विमानाचा सारथीच ठरला, कारण दुसरा कोणी रिकामा नव्हता. कागदाची घडी होणार, तेवढ्यात आप्पाजींना आठवलं.

“थो सारथी कोन्या जातीचा?”

“जात नाई त्याले,” बाबा म्हणाले.

“नाई कशी? मायबाप असतीन ना.”

“हायेत. पन त्या काळात कोनाले जात ठाऊक नाई. त्याच्या मायबापालेबी नाई.”

“तुमाले तं ठाऊक असन. तुमीच लिवून राह्यले.”

“मलेबी नाई.”

सोनाजीबुवा हसून म्हणाले, “मास्तर, तेवढं ‘आपला’ लिवून टाका. एका शब्दाचं काम हाय.”

बाबांनी पेन्सिल कागदावर टेकवली. मला वाटलं लिहिणार. मंगळसूत्र लिहिलं, पदर लिहिला, एक शब्द कशाला राहील. पण ती टेकलेली पेन्सिल हलेना. “नाई लिवता येत,” ते म्हणाले. “थो जातीनं आपला असला, तं दुसरा कोनी परका झाला. मंग तिकडं जाऊन केलं काय त्याइनं? सारं अथीच बरं होतं.” आप्पाजी समजुतीनं म्हणाले की कोणती का असेना, जात सांगा, मग निदान दंड किती ते तरी ठरवता येईल. बाबांनी मान हलवली. मग आवाज चढले. रोटीबेटी बंद होईल, असं सांगून झालं. तुमच्या मयताला खांदा मिळणार नाही, तेही झालं. बाबा सतरंजीवर मांडी घालून बसलेले, कपाळावर घाम, पगडी जराशी तिरकी, आणि एकच वाक्य, मले माहीत नाई. ताट न उचलणारा, बायकोशी माझ्यामार्फत बोलणारा, तासाभरापूर्वी सगळं कबूल करून बसलेला माझा बाप एका कागदी माणसाला जात चिकटवायला तयार नव्हता. मला त्यांचा अभिमान वाटला. तो आजही आहे. त्या टेपवाल्या तरुणांना जो माणूस हवा असतो, तो त्या दुपारी अकोल्यात खरोखर होता. मी त्याला पाहिलं आहे.

शेवटी आप्पाजींनी जड मनानं निकाल दिला. सोयरीक मोडली, मास्तर लिहून देईपर्यंत जातीबाहेर, आणि जेवण ठरल्याप्रमाणे मास्तरांकडून. बाबा उठले आणि जातीबाहेरच्या माणसाला शोभेल अशा चालीनं मळ्याबाहेर पडले. आम्ही मागून. मोठीमाय दिसेना म्हणून मी वळून पाहिलं, तर ती विस्तवाशी वाकून राखेतले रोडगे पदरात गोळा करत होती. भट्टीवरच्या माणसानं हटकलं. ती त्याला म्हणाली, “जेवन आमचं, दंड आमचा. मंग रोडगे कोनाचे?” त्यानं वांग्याची भाजीही एका पानावर घालून दिली.

आमचं जातीबाहेर असणं फार टिकलं नाही, तेही इथंच सांगून टाकते. पुढच्या पावसाळ्यात आप्पाजींच्या पुतण्याला जमिनीच्या कज्ज्यात कलेक्टरकडे इंग्रजी अर्ज करायचा होता. जातीत इंग्रजी अर्ज लिहिणारे बाबा एकटेच. अर्ज लिहून झाल्यावर आप्पाजींनी आमच्याकडे कढी-गोळे खाल्ले आणि सारथ्याचा विषय कोणी काढला नाही. जातीचे नियम फार कडक, असं लोक म्हणतात. आमच्याकडे ते गरजेपुरते कडक होते.

परतीच्या गाडीत बाबा वेगळेच दिसत होते. चेहऱ्यावर तेज चढलं होतं. समोरच्या बाकावर बसलेल्या एका कापसाच्या दलालाला त्यांनी बैठकीची हकीकत सांगितली. मग मूर्तिजापूरला तो उतरला आणि त्याच्या जागी बसलेल्याला पहिल्यापासून सांगितली. दुसऱ्या वेळी पंच संख्येनं वाढले होते आणि बाबा उभे राहून बोलले होते. मंगळसूत्र आणि पदर दोन्ही वेळा गळले. मोठीमाय रोडगा फोडून तूप नसल्याबद्दल कुरकुरत होती. माय खिडकीबाहेर पाहत होती. मी खरं तर सुटले होते. मला हवं होतं तेच झालं होतं. तरी हातातला रोडगा मी खाली ठेवला.

“बाबा,” मी म्हटलं, “थ्या सारथ्यासाठी तुमी जातीतून निंगाले.”

“तत्त्वासाठी, बेटा.”

“आन थे कौसल्या? तिचं लगन तं तुमी लगेच लिवून देल्लं. तवा तत्त्व कोठं होतं?”

समोरचा प्रवासी अवघडून बाहेर पाहायला लागला. बाबांनी तोंड उघडलं. मला वाटतं ‘तुझ्याचसाठी’ असं काहीतरी ते म्हणणार होते. पण त्यांना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा गुण आम्हा सगळ्यांना फार महागात पडलेला होता. मग माझ्या जन्मात पहिल्यांदा मायनं बाबांकडे तोंड करून, मधे मला न घालता विचारलं, “सांगा ना. पोरगी इचारून राह्यली.”

बाबांचं तेज उतरलं. त्यांनी खिशातून तो पेन्सिलीचा कागद काढला, वाचला, चार तुकडे केले आणि खिडकीबाहेर सोडून दिले. “नाई लावत तिचं लगन,” ते हळू आवाजात म्हणाले. “मंग झालं?”

“नाई झालं. तिचं नाव बदलवा.”

“नाव? आता कसं बदलवू? इतकी प्रकरनं छापून झाली. वाचक काय म्हनतीन?”

“वाचक काईबी म्हनू द्या. तिले दुसरं कोनतंबी नाव चालते. कौसल्या मले लागते. शाळेत टाकाले.”

बाबा आपल्या रिकाम्या हातांकडे पाहत होते. बडनेऱ्याच्या आधी सिग्नलपाशी गाडी मंद झाली तेव्हा त्यांनी घसा साफ केला. हा माणूस वीस वर्षं शाळेत नोकरी करत होता, मुलींची इंग्रजी शाळा त्याच्या शाळेच्या पलीकडच्याच गल्लीत होती, आणि त्यानं मला विचारलं,

“थे शाळा भरते किती वाजता?”

“साडेदहाले,” मी म्हटलं. “रोज घंटा आयकू येते मले.”